दारावरून परिक्रमा जाते, मग खोल्या बांधाव्या का?

मध्य प्रदेशात रावेरखेडीजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, नाशिक सोडून सगळे सासरच्या शेतावर राहायला आले. घर नर्मदेच्या दक्षिण तटावर, परिक्रमेच्या, म्हणजे नर्मदेला घातलेल्या पायी प्रदक्षिणेच्या, पायवाटेला लागून. कार्तिकी एकादशी झाली की रोज माणसं जातात, 'नर्मदे हर' म्हणतात, पाणी मागतात, कधी ओट्यावर टेकतात. त्यांच्या मुक्कामासाठी अंगणात दोन खोल्या बांधाव्या असं मनात आहे. घरात पंच्याहत्तरीच्या सासूबाई आणि दहावीतली मुलगी. जेवायला काय करावं, पैसे घ्यावे का, अनोळखी माणसं घरात घेणं कितपत बरं, आणि खोल्यांवर खर्च करावा का?

आमचं घर उत्तर तटावर, मंडलेश्वर आणि जलूदच्या मधे. होळकरांच्या काळापासून निमाडात आहोत, घरात मराठी आणि बाहेर निमाडी. सासऱ्यांनी ओट्यावर आसनं लावू द्यायला सुरुवात केली, त्यांच्यामागे चूल माझ्याकडे आली आणि हिशेबाची वही नवऱ्याकडे. तेव्हा जे लिहिते ते स्वयंपाकघरातून आणि ओट्यावरून दिसलेलं. आश्रम आणि ट्रस्ट चालवणाऱ्यांचं गणित निराळं असतं, त्याबद्दल मी बोलत नाही.

ताई, तुम्ही खोल्यांपासून सुरुवात केलीत. मी उलट्या बाजूने येते. तुमच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला त्या दिवशी नेमकं काय कमी पडलंय, हे आधी पाहायला हवं. आणि ते तुमचं घर वाटेवर कुठे आहे यावर ठरतं. परिक्रमावासी नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालतो. बरेचसे लोक ओंकारेश्वरहून, दक्षिण तटावरून पश्चिमेला निघतात. तुमचं घर त्यांना दोन-तीन मुक्कामांतच लागतं. आमच्याकडे तीच माणसं येतात तेव्हा त्यांनी शूलपाणीची झाडी, म्हणजे वाटेतलं डोंगराळ जंगल, ओलांडलेली असते, समुद्राजवळ नावेसाठी ताटकळून उत्तर तटावर मिठीतलाईला उतरलेली असतात आणि भडोचपासून उत्तर तटाने परत पूर्वेला चालत आलेली असतात. पौष-माघात आमच्या ओट्यावर बसणारा माणूस वाळलेला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा असतो. त्याला चपलेचा तळवा शिवून हवा असतो, दाढी करायला आरसा हवा असतो, सॅकचा तुटलेला बंद टाकून हवा असतो. तुमच्याकडचा माणूस अजून कोरा आहे. त्याचे पाय सोललेत, खांदे दुखतायत, आणि आपण हे करू शकणार की नाही या विचाराने रात्री झोप लागत नाहीये. घरी परत जाण्याचा विचार सगळ्यात जास्त तुमच्याच टप्प्यात येतो. म्हणून आमच्या ओट्यावर जे चालतं ते तसंच्या तसं तुमच्याकडे उचलून नेऊ नका.

माझी नणंद मोरटक्क्याजवळ दिलेली आहे, तुमच्या अलीकडे, त्याच तटावर. तिच्या ओट्यावर मी एका पुणेकर काकांची सॅक रिकामी होताना पाहिलीय. फोमची गादी, दोन ब्लँकेटं, स्टीलचा तीन ताळी डबा, मोठ्या टाइपाची जाडजूड पोथी, कपड्यांचे पाच जोड, दोन बॅटऱ्या, इस्त्री केलेला झब्बा आणि काकूंनी दिलेला मेतकुटाचा डबा. नणंदेच्या नवऱ्याने कापूस तोलायचा लटकता काटा आणून सॅक अडकवली, तर काटा चौदा किलोच्या पुढे गेला. काका गप्पच झाले. मग तासभर ओट्यावर वाद चालला, त्यांचा त्यांच्याशीच. गादी गेली, डबा गेला, झब्बा गेला, कपड्यांचे दोन जोड राहिले. मेतकूट मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि कोणी सोडायला सांगितलंही नाही.

तुमच्या घरासाठी मी सगळ्यात आधी हाच काटा सांगेन. सॅक आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावी असं चालणारे अनुभवी लोक सांगतात. म्हणजे साठ-सत्तर किलोच्या माणसाला सहा-सात किलो, पाणी धरून. तुम्ही उपदेश करायची गरज नाही. काटा ओट्यावर टांगून ठेवा, माणूस स्वतःच सॅक अडकवतो. मात्र नुसतं वजन दाखवून उपयोग नाही, जास्तीचं सामान जायला वाट हवी. दोन-चार पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी, जाड मार्कर ठेवा. पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा, टपालखर्च त्याने द्यायचा, आणि आठवड्यातून एकदा तुमच्या घरातलं कोणीतरी बेडियाला किंवा सनावदला जाईल तेव्हा पोस्टात टाकायचं. पावतीचा फोटो त्याच्या घरच्या नंबरवर पाठवला की झालं. मोफत जेवण वाटेत पुष्कळ ठिकाणी मिळतं. ही सोय फार कमी जण करतात, आणि ती करायला तुमच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण यापुढे बडवानी आणि मग झाडीतले चढ आहेत.

दुसरी गोष्ट पायांची. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला माणसं टेकतात. त्या वेळी चहाआधी घंगाळभर कोमट पाणी आणि मूठभर मीठ द्या, दहा मिनिटं पाय बुडवून बसू द्या. फोड आलेला असेल तर फोडायचा नाही. सुईदोरा ओवून पाणी काढायची पद्धत आपल्याकडे आहे, पण दुसऱ्या दिवशी त्याच पायाने धुळीतून आणि शेणातून चालायचंय, तेव्हा मी ती करू देत नाही. आपोआप फुटलेला असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडा करून, जंतुनाशक मलम आणि वर स्वच्छ पट्टी. आणि एक प्रश्न न चुकता विचारा : साखरेचा त्रास आहे का? चालणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं पुष्कळ असतात. मधुमेह असलेल्याच्या पायाला जखम झाली की पुष्कळदा त्याला कळतसुद्धा नाही, आणि तो 'काही नाही हो, नर्मदामैया बघेल' म्हणत निघतो. अशा माणसाला दोन दिवस थांबवून घ्या, डॉक्टरला दाखवा. मुक्काम एकाच रात्रीचा असा नियम ठेवलात तरी तो इथे मोडायचा.

डॉक्टरवरून आठवलं. तुम्हाला नकाशावर बडवाहचा दवाखाना सोयीचा वाटेल, पण बडवाह उत्तर तटावर आहे. मोरटक्क्याचा पूल ओलांडला की परिक्रमा खंडित झाली असं मानतात. बाकीच्या उपनद्या ओलांडतात, मैयाला नाही. म्हणून साध्या तापाला, पायाला सनावदच धरा, ते तुमच्याच काठावर आहे. जिवावरचं असेल तर अर्थातच १०८ ला फोन करायचा आणि गाडी जिथे नेईल तिथे न्यायचं, तिथे नियम सांगत बसायचं नाही. घरचे नातेवाईक फोनवर वाद घालतात, त्यांनाही हेच ऐकवायचं. आणि हो, दया येऊन कोणाला 'चला, पुढच्या गावापर्यंत मोटरसायकलवर सोडतो' म्हणू नका. दुखऱ्या पायाच्या माणसाला नको म्हणायला किती जड जातं ते त्याच्या तोंडावर दिसतं.

आता खोल्या. बांधू नका, निदान आत्ता. पैशाचा प्रश्न आहेच, पण माझं खरं कारण वाटेचं आहे. परिक्रमेची वाट म्हणजे कोणी आखून दिलेला रस्ता नव्हे. काठ बदलला की वाट बदलते. इंदिरा सागर धरणाचं पाणी आलं, २००४ मध्ये हरसूद गाव उठलं, आणि खंडवा-हरद्याकडची जुनी काठाची वाट कितीतरी मैल आत सरकली. २०१७ मध्ये सरदार सरोवराचे दरवाजे बंद झाले, २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं, आणि बडवानी-धार भागातले घाट आणि गावं पाण्याखाली गेली. त्यांतल्या कितीतरी ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या आसनं लागत होती. तुमच्याकडे असं होईल असं मी म्हणत नाही. पण एखादा नवा पूल, एखादा डांबरी रस्ता, शेजाऱ्याने घातलेलं काटेरी तारेचं कुंपण, एवढ्यानेही वाट अर्धा मैल सरकते, आणि मग तुमच्या दोन खोल्यांत कापसाची गाठोडी राहतात.

खोल्यांचा पैसा हाताशी असेल तर तो संडास-न्हाणीत घाला. ओट्याला लागून, घरात न शिरता जाता येईल असा संडास. आत बल्ब, आतून लागणारी भक्कम कडी, कपडे अडकवायला खुंटी, पाण्याचा नळ. बाईमाणसासाठी या एका कडीचं मोल कळायला स्वतः चालून पाहावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी दिवसभर पाणी कमी पितात, कारण वाटेत जायला जागा नसते, आणि त्यामुळे उन्हात चक्कर येते. ओट्यावर पत्र्याचं छप्पर, एका बाजूने कुडाची किंवा ताडपत्रीची आड, खाली सतरंज्या आणि थंडीसाठी चार गोधड्या, एवढ्यावर उत्तम झोप लागते. शिवाय एक लांब एक्स्टेंशन बोर्ड, सहा-आठ प्लगांचा. पूर्वी ओट्यावर आल्या आल्या लोक देवाची बाटली ठेवायला जागा शोधायचे, आता आधी प्लग शोधतात. हसू येतं, पण नकाशा, घरचे फोन, औषधाची आठवण सगळं त्या फोनमध्ये आहे.

त्या बाटलीचीही जागा करा. त्यांनी ओंकारेश्वरला भरून घेतलेलं नर्मदाजल त्यात असतं आणि सकाळ-संध्याकाळ तिची पूजा होते. एक स्वच्छ पाट किंवा कोनाडा पुरे. तिथे चपला जाणार नाहीत एवढं बघायचं.

जेवणाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपण मराठी माणसं इथेच घसरतो. नाशिकच्या घरात पाहुणा म्हटला की गोडाधोडाचं होणार, आणि 'अजून एक घ्या, माझी शपथ आहे' होणार. चालणाऱ्याला आग्रह करू नका. तो पहाटे चारला उठून अंधारात निघणार आहे आणि वाटेत संडास कुठे मिळेल ते त्याला ठाऊक नाही. दुसरं, आपल्या निमाडाची मिरची. बेडियाची मिरचीची मंडी तुमच्या उशाशी आहे, आपल्याला ती सवयीची झालेली असते, पण दोन दिवसांपूर्वी कोथरूडहून आलेल्या पोटाला ती झेपत नाही. वरण फिकं करा, तिखट वेगळं वाटीत ठेवा. भात, वरण, पोळी, एक भाजी. वाटेत सगळीकडे डाळ, टिक्कड म्हणजे जाड रोटी, बटाटा आणि खिचडी मिळते, तेव्हा तुमच्याकडे हिरवी भाजी, ताक आणि एखादं फळ मिळालं तर ते खरं वेगळं. पपई-केळी आपल्या भागात मुबलक आहेत. सकाळी बालभोगाला, म्हणजे न्याहारीला, पोहे नाहीतर उपमा, आणि ज्याला न खाता निघायचंय त्याच्या हातात दोन केळी.

स्वयंपाक चढवायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या. किती मूर्ती आहात? इकडे माणसं 'मूर्ती' म्हणूनच मोजतात, तुम्हाला ऐकून सवय होईल. शिजवलेलं घेता का? काही जण स्वयंपाकी, म्हणजे स्वतःचं स्वतः शिजवणारे असतात, दुसऱ्याच्या हातचं घेत नाहीत, त्यांना सदाव्रत द्यायचं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, थोडं तेल, गूळ असा कोरडा शिधा, आणि अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटा नि चार लाकडं. एकभुक्त आहात का, म्हणजे रात्री जेवणार का? कांदा-लसूण चालतो का? मी तर एकादशीला आणि चातुर्मासात जसं शिजतं तसं, कांदा-लसणाशिवायच करते, म्हणजे विचारायचं एक कमी होतं. कोणी भगरीवर किंवा फळांवर असेल तर त्याच्यासाठी दूध आणि केळी. याहून जास्त चोचले करायची गरज नाही, आणि कोणी केले तर ते पुरवायचीही नाही.

पैसे घेऊ नका. दानपेटी ठेवू नका, क्यूआर कोड भिंतीला चिकटवू नका. आश्रमांना दान घ्यावं लागतं, तिथे रोज शंभर पानं उठतात, त्यात वावगं काही नाही. पण घराच्या ओट्यावर पेटी दिसली की खिशात दहा रुपये असलेला माणूस दुसरी पोळी मागत नाही आणि हजार असलेला गरम पाण्याची बादली मागतो. उलट आपल्याकडे परिक्रमावासीच्या हातावर दहा-वीस रुपये दक्षिणा ठेवायची रीत आहे, सासूबाईंना ती मनापासून आवडेल. कोणी फारच आग्रह धरला तर शिध्याच्या रूपात घ्या. आमच्याकडे एक जण निघताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणि आगपेट्या आणून ठेवून गेला होता, ते पुढच्या दहा जणांना उपयोगी पडलं. आणि पैसे घेत नाही म्हणजे आपला खर्च आपल्याला झेपला पाहिजे. वही ठेवा. पहिला महिना संपला की नवऱ्याबरोबर बसून पाहा : एवढं दर महिन्याला, चार महिने, दरवर्षी जमेल का? जमत नसेल तर जेवण बंद करून चहा-पाण्यावर या. एका हंगामात थाटाने आणि पुढच्या वर्षी दार बंद, असं झालं तर त्रास चालणाऱ्याला होतो, कारण मागच्या वर्षीचे लोक 'रावेरखेडीला अमुक घरी उतरा' असं पुढच्यांना सांगून बसलेले असतात.

मापाचं तेच. एका रात्री किती माणसं, हा आकडा आधीच ठरवा, आणि तो संडास आणि सासूबाईंच्या झोपेवरून ठरवा, सतरंज्यांवरून नव्हे. तुम्हाला मी चार-पाच म्हणेन. त्याच्यावर आलेल्यांना चहा, पाणी आणि खरी माहिती. आपल्याकडे 'बस, दो किलोमीटर' हे सगळ्या अंतरांचं उत्तर असतं. त्या दोन किलोमीटरांत माणसाला अंधार पडतो. तुमच्या नवऱ्याला एक दिवस पुढच्या दोन-तीन मुक्कामांपर्यंत काठाने चालत पाठवा, रस्त्याने नाही. किती वेळ लागला, पाणी कुठे मिळतं, कोणत्या नाल्यात चिखल, कोणत्या वस्तीवर कुत्री, ते एका फळ्यावर लिहून ओट्यावर टांगा आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी पुसून नव्याने लिहा. जागा नाही म्हणताना हा फळा असला की आपल्यालाही अपराधी वाटत नाही. रावेरखेडीला पहिल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे, २८ एप्रिल १७४० ला ते तिथेच वारले. महाराष्ट्रातून आलेला जवळजवळ प्रत्येक जण ती विचारतो, तेव्हा तिकडे जायचा फाटाही फळ्यावर असू द्या.

बसने परिक्रमा करणारेही तुमचं घर शोधत येतील. पन्नास माणसं एकदम उतरतात, प्रेमळ असतात, पण तुमचा संडास आणि पाण्याची टाकी अर्ध्या तासात रिकामी करतात. मी त्यांना हात जोडून आश्रमाची वाट दाखवते. पायी येणाऱ्याला दुसरा पर्याय नसतो, बसला असतो.

अनोळखी माणसांबद्दल. शंभरातले बहुतेक साधे, थकलेले, आभारी असतात. थोडे त्रासदायक असतात. अगदी थोडे असे असतात की त्यांना परिक्रमाच व्यवसाय झालेला असतो, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर. माझा नियम असा की जेवण सगळ्यांना, मुक्काम एका रात्रीचा, आजारपण सोडून. वही ठेवायची, त्यात नाव, गाव, आधारचे शेवटचे चार आकडे आणि घरच्यांचा फोन. बहुतेकांजवळ परिक्रमेचं प्रमाणपत्र असतं, निघालेल्या ठिकाणचं, त्यावर वाटेतले शिक्के असतात, ते पाहायचं. गावच्या कोटवाराला, म्हणजे चौकीदाराला, आणि सरपंचाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की आमच्याकडे माणसं उतरणार आहेत. परदेशी माणूस मुक्कामाला राहिला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म (ज्याला फॉर्म सी म्हणत आले) भरावा लागतो. घर असलं तरी तो चुकत नाही, म्हणून तो कसा भरायचा ते आधीच बघून ठेवा. ओट्यावर चिलीम नाही, हे साधूंना पहिल्या चहाबरोबरच गोड आवाजात सांगायचं. उशिरा सांगितलं की वाद होतो.

घरातलं आणि ओट्यावरचं दार वेगळं ठेवा. मुलीने काम करू नये असं नाही, तिला आवडलं तर फळा तिच्याकडे द्या, तिचं अक्षर नक्की तुमच्यापेक्षा बरं असेल. पण पाणी घेऊन एकटीने अंधारात ओट्यावर जायचं नाही, आणि तिचा फोटो कोणी काढायचा नाही. आपणही त्यांचे काढू नयेत. फेसबुकवर 'आज आमच्याकडे चार परिक्रमावासी' असं टाकायचा मोह होतो, पण त्यातला एखादा घरी भांडून निघालेला असतो, एखादीने सासरी काय सांगितलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. परीक्षेची काळजी मला तितकी वाटत नाही. ओंकारेश्वरहून निघणाऱ्यांची गर्दी तुमच्याकडे कार्तिक-मार्गशीर्षात असते, संक्रांतीनंतर ती ओसरते, आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीपासून पुढे असते. माघात फक्त चहा-पाणी ठेवलं तरी कोणाची गैरसोय होणार नाही, त्या वेळी ती सगळी माणसं आमच्याकडे असतात!

चालणाऱ्या बायकांसाठी अजून एक. पाळी आली की काही जणी पूजा थांबवतात, काही चालणंच थांबवतात, तीन-चार दिवस एका ठिकाणी राहतात. हे कोणाला तरी सांगावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी सांगायला पुरुषच असतो. वहीत लिहून घेताना तुम्ही स्वतः पुढे व्हा, आणि 'थांबायचं असेल तर दोन-चार दिवस थांबा, कारण विचारणार नाही' एवढं म्हणून ठेवा. संडासात एका डब्यात पॅड, कागद आणि झाकणाची बादली. त्या वेळी देवाच्या पाटाजवळ जायचं की नाही हे ज्याचं त्याचं, आपण त्यात पडायचं नाही. सासूबाईंशी याबद्दल आधी बोलून घ्या, त्या दिवशी ओट्यावर नको.

आणि जाता जाता एक विनंती. 'काय अनुभव आला?' असं आल्या आल्या विचारू नका. मराठी घरात हा प्रश्न हमखास होतो, आणि त्याच्या मागोमाग, तो शूलपाणीच्या झाडीत फिरतो असं मानतात म्हणून, 'अश्वत्थामा भेटला का?' तुमच्याकडे येणारा तर झाडीपर्यंत पोचलेलाही नसतो. त्याला दोन दिवसांत फक्त फोडांचा अनुभव आलेला असतो. पाय बुडवून बसला की तो स्वतःहून बोलतो, नाहीतर झोपतो.

तेव्हा कोजागिरीच्या आत एवढं उरका : संडास, कडी, बल्ब, सतरंज्या, काटा, खोके, फळा, वही. काठाने चालत जाऊन अंतर मोजणं दसऱ्यानंतर, चिखल वाळल्यावर. पहिल्या हंगामात मुक्काम चार जणांचा, जेवण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, बाकी दिवशी चहा, मीठ-पाणी आणि काटा. फाल्गुनात वही घेऊन बसा. तोपर्यंत वाट तुमच्याच दारावरून जात असेल आणि तुम्हाला अजून हवंसं वाटत असेल, तर ओट्याला आणखी दोन खण पत्रा वाढवा. पक्क्या खोल्यांचा विचार त्यानंतरच्या चातुर्मासात.